आमटीचं उदाहरण

नाही बाबा, आधी जावयाचं ऐकून घ्या — मग खुशाल न्या ईशाला, बॅग मी स्वतः खाली आणून देतो. हिमायतनगरहून चिक्कडपल्ली ती काय लांब! पण बॅग भरून गेली की लांबच, नाही का? फोनवर ईशा काय म्हणाली तुम्हाला? 'कॉम्प्युटरच्या मॅन्युअलमधे माझं नाव घातलं', एवढंच? मग अर्धंच सांगितलं तिनं — चांगली आहे हो तुमची मुलगी.

चहा घ्या ना. तर आमच्या कामात एक कमांड असते, गिट मर्ज. म्हणजे काय? दोघांनी एकाच फाइलची एकच ओळ वेगवेगळी बदलली, की मशीन अडून बसतं — ठेवू कोणाची, 'आमची' की 'त्यांची'? मॅन्युअलमधे हे इतकं किचकट लिहिलेलं की लोक आपलंच काम पुसून बसायचे. मीही बसलोय. म्हटलं, आपण सुधारून लिहू, घरगुती उदाहरण देऊ. आणि मला सुचावं काय — आमटी! समजा, एकाच कृतीत आई आमसूल-गूळ लिहिते, पुण्याच्या पद्धतीनं. ईशा तुमच्या हैदराबादची चिंच आणि लसणाची फोडणी. आणि मी — ईशा म्हणते तसा हौलाच, पक्का येडा मी — आईची आमटी घातली 'आमची'त, ईशाची 'त्यांची'त, आणि खाली लिहिलं, 'त्यांची' टाकून द्यायची असेल तर अमुक टाइप करा. लोकांना काय आवडलं म्हणता! मंजूर झालं, जगभर गेलं. गेलं ते थेट ईशाच्याच ऑफिसात — तिच्या टीममधली शर्वरी विचारते, मॅडम, ही ईशा कोण हो?

तेव्हापासून आमटी बंद. एकच विचारलं तिनं — इतकी वर्षं झाली, मी अजून त्यांच्यातच? नाही नाही, दुरुस्त केलं ना मी! तिला 'आमची'त घेतलं… मग आईला 'त्यांची'त टाकायला हात धजेना. शेवटी दोघींची नावं काढली, 'अ' आणि 'ब' केलं. हसू नका बाबा. बरं, हसा. जगाला समजावून सांगणारा मी, आणि घरात साधं एक वाक्य —

मला? मला कोणती आवडते? हल्लू बोला हो, आई आत पडलीय. ईशाची. खरंच सांगतो, ईशाचीच, पहिल्या दिवसापासून. तिला? छे, तिला कुठे सांगितलंय! आई समोर जेवायला असते, कसं सांगणार? पण आज सांगतो. तुमच्यादेखत सांगतो, ऐकू दे आईलाही —

अगं आई! झोप झाली? नाही गं, कुठली आमटी? ऑफिसचं चाललंय आमचं, ऑफिसचं… बाबा, उठलात का? बसा ना. बॅग राहू द्या, बॅग मी — बाबा?