सोमवारची दोरी

नेटा : कोट नंतर काढ, एफी. जिंकलो की हरलो, तेवढं आधी सांग.

एफी : एडिंबराच्या कोर्टापासून गाडीत उभी राहून आलेय, या वयात. बसू तरी देशील?

नेटा : माझ्याकडे श्वास मोजका आहे. तो तुझ्याशी वाद घालण्यात घालवायला लावू नकोस.

एफी : जिंकलीस.

नेटा : पुन्हा सांग.

एफी : जिंकलीस, नेटा. पुरती जिंकलीस. न्यायाधीशबाईंनी स्वच्छ लिहिलंय. तुझ्या नवऱ्याच्या, आर्चीच्या कामाच्या कपड्यांवरची ॲस्बेस्टॉसची धूळ झटकता झटकता तुझ्या छातीत गेली आणि हा कॅन्सर त्या धुळीचाच. गोदीच्या मालकांना धोका ठाऊक होता, तरी त्यांनी माणसांना त्याच कपड्यांत घरी धाडलं.

नेटा : आणि ते म्हणत होते, कपडे घरी जातच नव्हते, गोदीतच धुतले जायचे.

एफी : ते खोटं ठरलं. त्यांच्या वकिलाचं तोंड बघायला हवं होतंस तू. एवढंसं झालं होतं.

नेटा : अकरा वर्षं धुतले मी ते. दर सोमवारी. आधी मागच्या अंगणात जोरजोरात झटकायचे, मग पाण्यात. आर्ची दिवसभर जहाजातल्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचा लेप थापायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन यायचा. लग्नाचा केक चालत आला म्हणून हसायचे मी. आम्हाला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. आणि वर कोर्टात मलाच खोटारडी म्हणत होते.

एफी : रडतेयस?

नेटा : रडतेय. खूप बरं वाटतंय, म्हणून रडतेय. पण माझ्या शब्दावर विश्वास बसला कसा? गोदीतली तेव्हाची माणसं तर सगळी गेली.

एफी : माझं पत्र होतं ना.

नेटा : ते सडकं पत्र. सदुसष्ट सालचं. 'मिसेस गॅलब्रेथ नवऱ्याचे कपडे झटकून माझ्या धुतलेल्या चादरींवर पांढरी धूळ उडवतात, त्यांना समज द्यावी.' घरमालकाच्या माणसाने माझ्या दारात उभं राहून वाचून दाखवलं होतं. सगळा जिना, वरखालची सगळी बिऱ्हाडं, कान लावून ऐकत होता. नऊ वर्षं बोलले नाही मी तुझ्याशी.

एफी : त्याच पत्राने तारलं बघ तुला. तुझ्या वकीलपोरीने घरमालकाच्या जुन्या फायली उपसल्या म्हणून सापडलं. तारीख, सही, धूळ, सगळं त्यात. आता जेसी लमाँटलाही दावा लावता येईल म्हणाली ती, तीही नवऱ्याचे असलेच कपडे धुवायची ना. आणखी दोघींना पण.

नेटा : जेसीला आजच फोन करू. आण तो निकाल इकडे. आणि चष्मा दे.

एफी : साठ पानं आहेत गं. वाचत काय बसतेस? मी चहा टाकते.

नेटा : एफी डॉकर्टी, माझ्या घरात तू आपणहून चहा टाकतेस म्हणजे काहीतरी लपवतेयस. दे.

(एफी पिशवीतून कागद काढून देते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.)

नेटा : हे पान दुमडलंय. 'प्रतिवादींच्या वकिलांनी साक्षीदार मिसेस डॉकर्टी यांना विचारलं की, अंगणातल्या सामाईक दोरीवर कपडे वाळत घालायला प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला होता आणि सोमवार मिसेस गॅलब्रेथ यांचा होता, तर तुमच्या चादरी दोरीवर आल्या कशा? तक्रार आकसाने रचलेली असावी, असं त्यांनी सुचवलं.' मग? काय सांगितलंस तू?

एफी : लिहिलंय ना खाली.

नेटा : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

एफी : माझा वार गुरुवार. पण सोमवारी ऊन दिसलं की तू खाली उतरायच्या आत मी माझ्या चादरी टांगायचे. आणि वर तुझीच तक्रार केली. हे सांगितलं. दोरी माझी नव्हती, पण धूळ खरी होती, या हातांनी झाडलीय, असंही सांगितलं. सूनबाई समोर बसली होती. चर्चमधल्या दोघी होत्या.

नेटा : तुझी छाती दाखवलीस का डॉक्टरांना?

एफी : दाखवली. फोटो स्वच्छ आला. तू पुढे वाच.

नेटा : 'ज्या साक्षीदाराने भर न्यायालयात स्वतःची लबाडी कबूल केली, तिच्या बाकीच्या शब्दांवर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही.' बेचाळीस वर्षं तू सगळ्या जिन्याला सांगत आलीस की आपण वार बदलून घेतला होता आणि मी ते विसरले.

एफी : सांगत आले खरी.

नेटा : मलासुद्धा वाटायला लागलं होतं की मी विसरलेच असेन.

एफी : नव्हतीस विसरली.

नेटा : मग म्हण की. न्यायाधीशबाईंना सांगून झालं, आता मला सांग.

एफी : सोमवार तुझाच होता, नेटा.