आड एक काडी नाही

जनावरांच्या दवाखान्यात फोटोग्राफर मांडीवर मांजर घेऊन बसला होता. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा दीर बसले होते. दोघांच्या मध्ये खोका, खोक्यात सारसाचं पिल्लू.

"हलतंय का, वहिनी?"

"मान टाकलीय हो. आई सोडून गेली का याला?"

"छे! माणसाएवढी उंच मादी, दुपारभर पंख पसरून सावली धरून उभी होती. नर लाल मान ताणून ओरडत होता. तरी हे उन्हानं कोमेजलं आणि दुसरं पिल्लू घारीनं नेलंच."

"घारीला दिसलं कसं? घरटं तर गवतात असतं."

"गवत कापलंय कुणीतरी. एकाच बाजूनं, खिडकी पाडावी तसं."

"गुरांसाठी नेलं असेल."

"नेलं कुठं? कापून तिथंच टाकलंय."

फोटोग्राफरनं पायानं पिशवी बाकाखाली ढकलली. कॅमेऱ्याखाली विळा अजून तसाच होता.

"भाऊजी, भिंतीवरचा फोटो बघा. आपलंच तळं ना ते?"

"आपलंच की. गेल्या सालचा दिसतोय. दोन्ही पिल्लं आहेत बघा. काय स्वच्छ आलाय! आड एक काडी नाही."

"मग ती पिल्लं मोठी झाली असतील."

"नाही, वहिनी. गेल्या साली एकही उडालं नाही."

आतून कंपाउंडरनं हाक मारली, "फोटोवाले, तुमचा नंबर!"

"आधी यांना घ्या," तो मांजराच्या पाठीत तोंड खुपसून म्हणाला.

"फार उपकार झाले, दादा," बाई खोका उचलत म्हणाली. "तो फोटो तुम्हीच काढलाय का हो?"