उलटे सेल

— बसा हो वहिनी, बाबांचा शेजार तुमचा, तुम्हाला काय उभं ठेवणार मी दुकानात? टॉर्चच ना, आत्ता बघते. बंद पडली म्हणाले? पडायला नको खरं तर, मी स्वतः हात फिरवलाय तिच्यावर — हां, ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनाही नाही. बोलू नका हं कुठे. झालं काय — जन्मभर रेडिओ दुरुस्त केले माणसाने, मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं, पण हल्ली प्लस-मायनस दिसत नाही. चष्म्याचं नाव काढलं की नाकावर राग. सेल घालणार ते तिन्ही उलटे. आणि एलईडी आमच्या बाबांसारखीच हट्टी — करंट एका बाजूने आला तरच पेटणार, उलटा आला की ढिम्म. मागे एकदा ते जिन्यात अंधारात बसून राहिले, तुम्हीच वर नेलंत ना? मला फोनसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कळलं मला.

मग काय केलं? आत ब्रिज बसवला. म्हणजे चार डायोड — चार दारं समजा, प्रत्येक एकाच बाजूला उघडणारं. प्लस इकडून आला की ही दोन उघडतात, तिकडून आला की ती दोन, पण मधल्या एलईडीतून करंट जाणार तो एकाच दिशेने. घाला सेल हवे तसे. बाबा खूश, म्हणे बघ, माझा हात अजून चुकत नाही. मीही खूश — रोज जाऊन सेल बघायला नकोत. आता रोज कुठे जमतं — रोज काय, महिना झाला असेल, दुकान सोडून निघणार कशी, सांगा ना? फक्त उजेड जरा मंद पडला, ते डायोड आपला वाटा खातात थोडा. विचारलं त्यांनी. मी ठोकून दिलं, हल्लीचे सेलच भिकार. आता मेकॅनिक माणूस यावर गप्प बसेल का, हे माझ्या डोक्यातच —

थांबा. ब्रिज कुठे गेला? काढलाय. आणि काय सफाईने काढलाय बघा, हे काम बाबांचंच. आणि हा टिपका कसला — प्लसच्या कडेला सोल्डरचा थेंब ठेवलाय, बोटाला लागेल असा. म्हणजे न बघता — आणि सेल बरोबर आहेत की. बटण... अहो, लागली. लख्ख लागली. मग बंद आहे म्हणून कशाला पाठवली?

पुडी? कसली पुडी? मला द्यायला सांगितली होती, मग आधी नाही का द्यायची. आण— द्या.

चारही डायोड आहेत. पाय सरळ करून ठेवलेत.

निरोप काही? ...काहीच नाही म्हणाले?

तुम्ही व्हा पुढे, वहिनी. टॉर्च राहू दे इथे. नाही, पैसे कसले. शटर ओढते आणि मीच घेऊन येते.