दोनदा जेवणारं घर

नाही, नाही, या बाकावर रोज नाही येत मी. मंगळवारी आणि शुक्रवारी, बास. घरी सांगते गुडघ्याच्या व्यायामाला जाते — आणि खोटं कुठे आहे त्यात, दोन बस बदलायच्या, तो पूल चढायचा-उतरायचा, व्यायामच झाला की. तुम्ही खा हो, माझ्याकडे बघत बसू नका, बटाटे गार होतायत तुमचे. गार झाले की चिवट होतात, मग पैसे देऊन रबर चावायचं. हे बघा, बर्गर असा धरायचा, कागद खालून दुमडून — पहिल्या दिवशी सॉस माझ्या कोपरापर्यंत ओघळला होता आणि एक चार वर्षांची पोरगी मला कागदी रुमाल द्यायला आली. या वयात. पण शिकले. माणसाला भूक लागली की सगळं येतं.

कशी सुरुवात झाली म्हणता? डोळे तपासायला आले होते इथे मागच्या गल्लीत. डॉक्टरांनी तीन तास बसवलं, बाहेर पडले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. आणि या रस्त्यावर काय, डावीकडे बर्गर, उजवीकडे पिझ्झा, समोर सँडविच, जो तो तोंड हलवत चाललाय. एका हातात फोन, एका हातात पाव, आणि सिग्नल सुटायच्या आत घास गिळायचा. मी आधी मनातल्या मनात शिव्या घातल्या, खरंच सांगते. म्हटलं, यांच्या घरी चुली आहेत की नाहीत? आणि शिव्या घालता घालताच रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मील हवंय की नुसता बर्गर? मला काय कळतंय — मी म्हटलं, बाई, तुला योग्य वाटेल ते दे. तिने नंबर दिला. एकशे सत्तेचाळीस. आणि पाच मिनिटांनी काय झालं, त्या मुलीने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा माझा नंबर पुकारला आणि गरम गरम खाणं माझ्या हातात ठेवलं. माझ्या. तुम्हाला यात काय विशेष वाटणार म्हणा, तुम्हाला लहानपणापासून कुणीतरी गरम वाढलंय. मी लग्न होऊन आले ती सून येईपर्यंत शेवटीच जेवत होते. सगळ्यांचं झालं की भांड्याच्या बुडाशी राहिलेलं, आणि तेही ओट्याशी उभ्यानंच. आता सगळ्यांबरोबर टेबलाशी बसते, पण वाढून होईपर्यंत माझं ताट गार. चव कशी आहे विचारू नका, मला त्या दिवशी तो पुठ्ठाही गोड लागला असता.

आता गंमत ऐका. आमचे हे — निवृत्त आहेत, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय — रोज संध्याकाळी तासभर फिरायला जातात. इतकं फिरून माणूस वाळायला हवा की नको? यांचा पट्टा एक भोक पुढे सरकला. परवा शर्ट धुवायला घेतला तर खिशात सॉसच्या सहा पुड्या. सहा. एका खाण्यावर दोन देतात, म्हणजे हिशोब करा तुम्हीच. मी बोलले का? छे. बोलायला तोंड कुठे होतं, माझ्या पर्समध्ये चार होत्या. त्या पुड्या मी गुपचूप परत खिशात ठेवल्या, शर्टाची घडी घालून. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मुलाचं तसंच. रात्री ताटावर बसला की म्हणतो, आई, भात कमी वाढ, मीटिंगमध्ये बिस्किटं फार झाली. बिस्किटांनी ओठाला चीज लागतं का कधी? आणि तरी सगळे जेवतात. रोज आठ वाजता चौघं टेबलाशी, दोन भाज्या, भात, आमटी, आणि चौघांचीही पोटं तुडुंब. मान खाली घालून घास घास ढकलतो आम्ही. बाहेरचा कुणी आला तर त्याला वाटेल शिक्षा चाललीय.

बंद करा म्हणणं सोपं आहे हो. मलाही कळतं, एका वाक्याचं काम आहे — उद्यापासून रात्रीचं ज्याचं त्याने बघा. पण मग मी काय करायचं? नाही, हसू नका, खरंच विचारतेय. मुलगा कमावतो, सून कमावते, यांची पेन्शन आहे. मी त्या घरात स्वयंपाक करते. तोही हे काउंटरवाले करायला लागले तर मी कोण? भीती वाटते मला. हे कुणाला बोलले नव्हते, तुम्हालाही बोलणार नव्हते, तुम्ही नुसती मान डोलावता त्यामुळे सुटतच गेलं. किती वाजले? सहा? अरे देवा. एरवी मी साडेपाचलाच इथून निघते. सुनेचं ऑफिस त्या काचेच्या इमारतीत आहे, सहाला सुटतं ते. तुमच्यापायी बडबडत बसले —

हलू नका. तशीच मान ठेवा. जरा पुढे झुका, मला आडोसा होऊ द्या. ती निळ्या बॅगवाली दिसली का, खांबाशी? तीच. हातात पुडा आहे ना? आहे. बघा बघा, कशी खातेय, खांद्यावर बॅग, उभ्यानंच, इकडेतिकडे बघत. दिवसभर राबून आलीय आणि चोरासारखी खातेय. आणि आता घरी येईल, हात धुवेल, माझ्या हातचं पुन्हा जेवेल. काल दोनदा भाजी घेतली हिने. मी म्हटलं, बास आता, तर म्हणते, नाही आई, छान झालीय. भरल्या पोटी दोनदा. कशासाठी हो? भाजीसाठी नक्कीच नाही, काल मीठ जास्त झालं होतं. मला बरं वाटावं म्हणून. तिघंही माझ्यासाठीच जेवतायत, आणि मी आपली समजतेय, मी त्यांच्यासाठी रांधतेय.

तुमचं खाऊन झालं ना? मग उठा. अहो उठा म्हणते, रागावले नाहीये, बाकावर जागा हवीय. तो कागदही घेऊन जा. सूनबाई — अगं, इकडे, इकडे बघ. पुडा लपवू नकोस, माझ्याही हातात आहे. ये, बस इथे, बसून खा. तुम्ही अजून इथेच? निघा आता, आम्हा घरच्यांना बोलायचंय.