बारावी पवनचक्की

तपासनीस : मावशी, बाराचे अकरा करा. फॉर्मही माझा, पेनही माझं. कुणाला कळणार नाही.

मावशी : मला कळेल ना. बारा दिसतात, बारा लिहिल्यात.

तपासनीस : अहो, कंपनीनं उभ्याच केल्यात अकरा! स्वयंपाकघराच्या खिडकीतून जितक्या पवनचक्क्या दिसतील, तितका गावनिधीचा वाटा. म्हणून लोक खिडक्या मोठ्या करतात, झाडं तोडतात, सगळं बघितलं मी. पण आख्खी पवनचक्की वाढवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

मावशी : पहिली कुठली? गेल्या साली शेजारच्या सुतारानं बाराच लिहिल्या होत्या. तुम्हीच लाल रेघ ओढलीत.

तपासनीस : खोटा आकडा म्हणजे अर्ज बाद, वर तीन वर्षं बंदी. छपराचे पत्रे बदलायचेत ना तुम्हाला?

मावशी : बदलायचेत तर. ते पातेलं गळतीखाली उगाच नाही मांडलं. पाय लागेल, जपून.

तपासनीस : मग हट्ट कसला? सुतारानं काय मिळवलं? गेला बिचारा लेकीकडे.

मावशी : कोण म्हणालं?

तपासनीस : सगळेच म्हणतात.

मावशी : लेक दर महिन्याला येते इथं. याच उंबऱ्यावर उभी राहते आणि मला विचारते, बाबांचा काही पत्ता लागला का.

तपासनीस : ...असेल. आपलं काम बघू. तुमचं बरं आहे मावशी, खिडकीत उभं राहायचं आणि मोजायचं. माझं घर पडलं खोलगटात, तिथून एकही दिसत नाही. गावभर वाटा वाटतो आणि स्वतःला छदाम नाही. आज सकाळीसुद्धा अर्जावरून बायकोनं डोकं खाल्लं.

मावशी : मोजा मग.

तपासनीस : टेकडीवर चार. ओढ्याकाठी पाच, म्हणजे नऊ. रस्त्याकडेला दोन. झाल्या अकरा. वारं पडलंय, सगळ्या ठप्प.

मावशी : सगळ्या?

तपासनीस : सगळ्या.

मावशी : रस्त्याकडच्या दोघींच्या मध्ये बघा. जरा अलीकडे. फिरतेय ती.

(खुर्ची सरकल्याचा आवाज.)

तपासनीस : ही... उलटी फिरतेय.

मावशी : आवाजही नाही तिला. मी गेले होते चालत. तिथं नुसतं गवत, पाया नाही की खड्डा नाही. घरी येऊन वळून बघितलं, तर उभी. आणि थोडी जवळ.

तपासनीस : जवळ म्हणजे?

मावशी : सुतार होता तेव्हा ती त्याच्या घरापलीकडे होती. आता अलीकडे आहे. पाणी देऊ का?

तपासनीस : नको. फॉर्म द्या इकडे.

मावशी : रेघ मारताय?

तपासनीस : नाही. लिहितोय. प्रत्यक्ष मोजणी, बारा. खाली माझी सही. पत्रे येतील तुमचे.

मावशी : बसा थोडं.

तपासनीस : निघतो. बायको घरी एकटी आहे.

मावशी : सकाळी भांडलात म्हणे तिच्याशी?

तपासनीस : भांडलो नाही, हसलो तिला. म्हणत होती, यंदा आपणही अर्ज करू, आपल्या खिडकीतून एक दिसायला लागलीय.