अंगावर धातूचं काही आहे का?

...आणि वर मलाच म्हणतात, "तू बघितलंस कशाला!" अहो, बघायचाच पगार मिळतो मला! एक्स-रे काढतो मी, तुम्हाला सांगतो, दिवसभर त्या थंडगार खोलीत उभा राहून येईल त्याला एकच प्रश्न, "अंगावर धातूचं काही आहे का?" झोपेतसुद्धा हेच बरळतो म्हणे, बायको सांगते. आणि लोक खोटं बोलतात हो! "छे छे, काही नाही," म्हणतात, आणि फोटोत बघावं तर किल्ल्या, पिना, एकाच्या खिशात तर अख्खा पाना!... पण सख्खा बाप खोटं बोलेल? आमचे अप्पा?

अप्पा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. फिका शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, इस्त्री अशी की अप्पा बसले तरी शर्ट उभाच! आणि त्याच घरात आमची कन्या. कपड्यांचं डिझाइन शिकते, स्वतःच शिवते, स्वतःच घालते. मध्यंतरी जुन्या पडद्याचं जाकीट शिवलं, त्याला जिकडेतिकडे चेनाच चेना. म्हटलं, "बाळा, ही पाठीवरची चेन उघडते कुठे गं?" "कुठेच नाही, बाबा." "मग लावलीस कशाला?" "बाबा, तू ना..." एवढंच म्हणते! पुढचं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बरं, तेवढ्यावर थांबावं? नाही! एक दिवस आली ती भुवईत रिंग घालून. मला छान वाटली हो, खोटं कशाला बोलू! पण अप्पा... पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "देवाने तोंडाला पुरेशी भोकं दिलेली आहेत." संपलं! त्या दिवसापासून आजोबा-नातीचं बोलणं बंद. एकाच टेबलावर जेवायचं आणि माझ्यामार्फत बोलायचं. "तिला सांग, मीठ दे." "अप्पांना सांग, समोरच आहे." मी मध्ये टपालपेटी!

त्यात आला पोरीचा पहिला फॅशन शो. पहिल्या रांगेत अप्पांसाठी खुर्ची धरून ठेवलेली तिने. "बाबा, ते येणार नाहीत ना?" रोज विचारायची, आणि चेहरा असा करायची की माझ्याने बघवायचं नाही.

तेवढ्यात अप्पा बाथरूममध्ये घसरले! कंबर धरून बसले. कुठे आणले? माझ्याच टेबलावर! सवयीने विचारलं, "अप्पा, अंगावर धातूचं काही आहे का?" "मला विचारतोस? मला?" अशा आवाजात, की मी बाकावर उभा राहायचाच बाकी होतो. बरं म्हटलं. "श्वास घ्या... रोखा..." बटण दाबलं, बघतो तर मणके सगळे शाबूत, प्रार्थनेला उभे असल्यासारखे ओळीत, आणि त्यांच्या मधोमध... रिंग! तिला लटकणारा बारीकसा तारा! बेंबीत हो! माझ्या बापाच्या! तिकडे अप्पा श्वास रोखून लालबुंद, मी "सोडा" म्हणायचंच विसरलो!

"अप्पा, हे काय?"

"तू बघितलंस कशाला!" ऐकलंत? मग कंबर धरून उठत, "भांडायला गेलो होतो. त्या भोकं पाडणाऱ्याशी. नातीचा चेहरा बिघडवलास म्हणून चांगला फैलावर घेतला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'काका, तुम्हाला काय आवडेल?'" अप्पांनी शर्ट खाली ओढला. "मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं रे. शर्ट आधी आई आणायची, मग तुझी आई, आता तुम्ही. शर्टाच्या आत कोण बघतंय? म्हटलं, तेवढी जागा माझी."

मला भरून आलं हो... म्हटलं, "मग हे पोरीला सांगा की!" "कुठल्या तोंडाने? एवढा ओरडलो तिला. आणि तू बोललास तर याद राख!"

झालं! माझ्या पोटात ते राहीना, ओठांवर येईना, आणि पोरगी तिकडे शिलाई मशीनवर नाक ओढतेय. शेवटी शोच्या दिवशी अप्पांनी बूट चढवले. "येतो. बोलणार नाही." म्हटलं, चालेल, न बोलता या, पण या!

हॉलच्या दारात तपासणीची कमान, शेजारी पहारेकरी. "अंगावर धातूचं काही आहे का?" माझं वाक्य! दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, किती आगाऊ वाटतं ते! पोरगी चेनांसकट गेली, कमान कोकलली, तिचं जाकीट बघून त्याने हात जोडले. मग अप्पा. टूंऽऽ! किल्ल्या काढल्या, टूंऽऽ! पट्टा काढला, टूंऽऽ! त्याने हातातला दांडा फिरवला, तो नेमका पोटावर बोंबलायला लागला. मागे ही रांग, आणि पलीकडून पोरगी, "अप्पांच्या पोटात काय बसवलंय? ऑपरेशन झालं का? बाबा, माझ्यापासून लपवलंस?" डोळ्यांतून घळाघळा पाणी! अप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि... खालची दोन बटणं काढली. भर रांगेत! "रडू नकोस. हे आहे. तुझ्याच भुवईवाल्याकडून."

पोरगी किंचाळली! कमानीतून उलटी धावत आली, टूंऽऽ, अप्पांच्या गळ्यात पडली! "तारा बरा दिसतो का गं?" "अप्पा, चंद्र घ्यायचा होता!" "पुढच्या वेळी." बोलले हो, बोलले! माझ्याशिवाय! टपालपेटी रिटायर झाली, आणि कधी नव्हे एवढा मी खूश!

मागून बायको आली. टूंऽऽ! "अगं, तुझं काय?" "घरी गेल्यावर सांगते." शो होऊन गेला, टाळ्या वाजून गेल्या, अजून सांगितलेलं नाही!

मग माझी पाळी. किल्ल्या, पट्टा ट्रेमध्ये ठेवले, छाती काढली, श्वास रोखला, गेलो. काही नाही. परत मागे आलो, पुन्हा गेलो, हळूऽहळू. मशीन ढिम्म! पहारेकरी म्हणाला, "चला साहेब पुढे, तुमचं काही वाजत नाही."

खरं आहे बाबा, म्हटलं. आणि श्वास सोडला.