चिंबोऱ्यांचं ॲग्रीमेंट

अरे, आमच्या अंजूरच्या गोडाऊनचं ॲग्रीमेंट म्हणजे चिंबोऱ्यांचं जेवण, हे ठरलेलंच. गोडाऊन भाड्याने घेतलेल्या कंपनीचे नाईक साहेब मुंबईहून यायचे, धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत जेवायला बसायचे. खेकड्यांच्या नांग्या फोडताफोडता भाड्यावरून माझ्याशी भांडायचे आणि हात धुतले की सही करायचे.

यंदाही मुदत संपत आली, म्हणून बायकोने सकाळीच चिंबोऱ्यांचं कालवण केलं. तेवढ्यात फोन आला. "नमस्कार, मी कंपनीची एआय सहायक बोलतेय." मी मागितलेलं भाडं तिने लगेच कबूल केलं. घासाघीसच नाही! सहीसुद्धा मोबाईलवर. चहा निवायच्या आत सगळं उरकलं.

बायको म्हणाली, "तिला इचारा, किती माणसांचा भात लावू?"

विचारलं. "माफ करा, ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही."

मग मी साहेबांचा नंबर लावला. म्हटलं, काम नसलं तरी जेवायला या म्हणून सांगू. तर तिथेही तीच बाई! "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाय, आमचे साहेब जेवले का, तेवढं तरी सांग."